दमा दवाखान्यात, कारण घरात: संयुक्त गृहभेट सेवेचे परीक्षण

दम्याचा झटका आलेले मूल रुग्णालयात आणले जाते, नेब्युलायझरने त्याचा श्वास मोकळा होतो, दोन-तीन दिवसांत ते घरी परतते आणि काही आठवड्यांनी त्याच अवस्थेत पुन्हा त्याच दाराशी येते. हे चक्र तोडण्यासाठी रुग्णालये आणि सार्वजनिक आरोग्य विभाग यांनी मिळून चालवलेली एक सेवा गेल्या दोन दशकांत काही शहरांमध्ये रुजली आहे. रुग्णालयाने मूल ओळखायचे, प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्तीने त्याच्या घरी जायचे, औषध कसे घेतले जाते ते आणि घरात श्वासाला काय बाधते ते पाहायचे, आणि घरातल्या ज्या गोष्टी कुटुंबाच्या हाताबाहेर आहेत त्या आरोग्य विभागाने हाताळायच्या, असा हा सौदा आहे. हे परीक्षण कोणत्याही एका संस्थेचे नाही. ते या सेवेच्या प्रकाराचे आहे आणि तिच्याविषयी प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांवर आधारलेले आहे.

मत आधीच नोंदवून ठेवणे बरे. सेवा चांगली आहे आणि वारंवार रुग्णालयात यावे लागणाऱ्या मुलांसाठी ती उपलब्ध असायला हवी. पण तिचे श्रेय बहुधा ज्या भागाला दिले जाते, म्हणजे घरी जाऊन समजावून सांगण्याला, तो तिचा सर्वांत सोपा भाग आहे. तिचा खरा कस लागतो तो कार्यकर्तीला भिंतीवरची ओल दिसल्यानंतर पुढे काय होते यात, आणि तिथे बऱ्याच सेवा कमी पडण्याची शक्यता असते.

पहिल्या भेटीत काय होते, येथून सुरुवात करू. कार्यकर्ती आधी घरातली औषधे मागवून पाहते. हे वाटते तितके किरकोळ काम नाही. दम्याची औषधे मुख्यतः दोन प्रकारची असतात: श्वासनलिकांची सूज कमी ठेवणारे, रोज श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड आणि झटक्याच्या वेळी आवळलेल्या नलिका तात्पुरत्या रुंद करणारे औषध. दुसऱ्याचा गुण काही मिनिटांत येतो, तर पहिल्याचा गुण म्हणजे झटका न येणे, आणि जे घडले नाही ते कुणाला दिसत नाही. त्यामुळे रोजचे औषध हळूहळू कपाटात मागे सरकते आणि सगळी भिस्त तात्पुरत्या आराम देणाऱ्या फवाऱ्यावर राहते. शिवाय लहान मुलाने स्पेसर, म्हणजे फवारा आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी, न लावता फवारा मारला, तर औषधाचा मोठा भाग तोंडात आणि घशातच राहतो. डॉक्टरांनी हे सगळे सांगितलेले असते. परंतु तपासणीच्या खोलीत 'कळले का?' या प्रश्नाला मान डोलवणारे मूल घरी प्रत्यक्षात काय करते, हे घरीच समजते.

मग ती घर पाहते. धुळीतले सूक्ष्म किडे गादीत आणि उशीत वाढतात. झुरळांची विष्ठा आणि त्यांच्या अंगाचे कण, उंदरांच्या मूत्रातील प्रथिने, बुरशीचे बीजाणू आणि तंबाखूचा धूर हे दमा चाळवणारे ओळखीचे घटक आहेत. यांपैकी काहींवर कुटुंबाला स्वतः उपाय करता येतो. गादी आणि उशीला सूक्ष्म कण आत-बाहेर जाऊ न देणारी खोळ चढवणे, भेगा बुजवणे, अन्न झाकून ठेवणे, कीटकनाशकाचा सरसकट फवारा मारण्याऐवजी सापळे आणि आमिष वापरणे, घरात धूम्रपान बंद करणे. चांगल्या सेवेत या वस्तू उपदेशासोबत हातात दिल्या जातात. त्या न देता नुसती यादी देणारी सेवा मला अपुरी वाटते, कारण ज्या कुटुंबाला त्या विकत घेणे शक्य असते त्याला बहुधा या सेवेची गरज सर्वांत कमी असते.

एवढे काम एखादे रुग्णालय स्वतःच्या परिचारिका पाठवून करू शकेल, मग आरोग्य विभागाची भागीदारी कशासाठी, असा प्रश्न कुणी विचारू शकेल. याचे सर्वांत स्वच्छ उत्तर या सेवेच्या जन्माच्याही आधीचे आहे आणि ते स्पेनमधील बार्सिलोना शहरातून येते. १९८१ ते १९८७ या काळात तेथे दम्याच्या २६ साथी नोंदवल्या गेल्या: ठरावीक दिवशी, काही तासांच्या अवधीत, शहरातील आपत्कालीन विभागांत गंभीर दम्याचे रुग्ण अचानक लोटत. प्रत्येक डॉक्टरला आपल्यासमोरचा रुग्ण दिसत होता आणि त्याच्यावरचे उपचारही बरोबर होते. कारण मात्र कोणत्याही एका केसपेपरमध्ये सापडण्यासारखे नव्हते. रुग्णालयांच्या नोंदी एकत्र करून त्या तारखा आणि रुग्णांची ठिकाणे बंदरातील कामकाजाशी ताडून पाहिली, तेव्हा साथीचे दिवस सोयाबीन उतरवण्याच्या दिवसांशी जुळले. जहाजातून धान्य उतरवताना ज्या साठवण कोठाराला धूळ अडवणारी गाळणी बसवलेली नव्हती, तेथून सोयाबीनची भुकटी वाऱ्यावर शहरात पसरत होती. हा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. गाळणी बसवल्यावर त्या साथी थांबल्या. यात रुग्णालयाजवळ माहिती होती पण बंदरावर अधिकार नव्हता, आणि ज्यांना अधिकार होता त्यांच्याकडे रुग्णांची यादी नव्हती. संयुक्त सेवेचा सगळा अर्थ या एका उदाहरणात आहे. घराच्या पातळीवरही तेच घडते, फक्त कोठाराच्या जागी गळकी पाइपलाइन असते.

उलट बाजूचे उदाहरण लंडनचे आहे. तेथे वर्दळीच्या रस्त्यालगत राहणारी नऊ वर्षांची एक मुलगी फेब्रुवारी २०१३ मध्ये तीव्र दम्याने दगावली. मृत्यूपूर्वीच्या तीन वर्षांत तिला जवळजवळ तीस वेळा रुग्णालयात न्यावे लागले होते. डिसेंबर २०२० मध्ये दुसऱ्या न्यायिक चौकशीत, तिच्या मृत्यूला वायुप्रदूषणाचा ठळक हातभार लागला असा निष्कर्ष नोंदवला गेला, आणि प्रदूषणाचा दम्यावर होणारा परिणाम तिच्या आईला सांगितलाच गेला नव्हता, हेही त्या चौकशीत पुढे आले. हवेची मोजणी करणारी यंत्रणा आणि मुलीवर उपचार करणारे डॉक्टर एकाच शहरात काम करत होते. एकाकडची माहिती दुसऱ्याच्या टेबलापर्यंत पोचली असती तर मूल वाचलेच असते असे म्हणता येणार नाही. पण आईला घर बदलण्याचा विचार करण्याची संधी तरी मिळाली असती.

आता या सेवेचा परिणाम. सर्वाधिक चर्चा झालेला नमुना अमेरिकेतील बॉस्टनच्या बालरुग्णालयाचा आहे. २००५ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात आसपासच्या, दम्याचे प्रमाण अधिक असलेल्या वस्त्यांतील मुले घेतली गेली. परिचारिका समन्वय करते आणि आरोग्य कार्यकर्ती घरी जाते. पहिल्या २८३ मुलांचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार वर्षभरानंतर दम्यासाठी आपत्कालीन विभागात यावे लागण्याचे प्रमाण ६८ टक्क्यांनी, तर दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण सुमारे ८५ टक्क्यांनी घटले होते. बुडालेल्या शाळेचे दिवसही बरेच कमी झाले. त्याच शहरात डॉक्टरांना आणखी एक सोय उपलब्ध झाली, आणि मला ती गृहभेटीपेक्षाही अधिक मोलाची वाटते. मुलाच्या घरात ओल, बुरशी किंवा उंदीर असल्याचे कळल्यास डॉक्टर थेट संगणकावरून महापालिकेच्या घर-निरीक्षकांकडे ते प्रकरण पाठवू शकतात आणि तपासणीचे पुढे काय झाले हे डॉक्टरांना कळवले जाते. निरीक्षक घरमालकाला दुरुस्तीचा आदेश देऊ शकतो. ते अधिकार कार्यकर्तीला नाहीत, आणि डॉक्टरलाही नाहीत.

तथापि, ६८ आणि ८५ हे आकडे वाचताना जरा थांबायला हवे. या सेवेत मूल केव्हा दाखल होते? त्याची प्रकृती सर्वांत वाईट असते तेव्हा. अशा टोकाच्या वेळी निवडलेल्या कोणत्याही गटाची अवस्था पुढच्या वर्षी सरासरीने सुधारतेच, मग काही केले असो वा नसो. केवळ 'आधी' आणि 'नंतर' यांची तुलना करून सेवेला श्रेय देणे म्हणूनच धोक्याचे आहे. याचा धडा दम्याबाहेरच्या एका प्रयोगाने फार स्पष्टपणे दिला. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या कॅम्डेन शहरात वारंवार दाखल होणाऱ्या, गुंतागुंतीचे आजार असलेल्या प्रौढांसाठी घरी जाऊन मदत करणारा एक उपक्रम बराच गाजला होता. ८०० रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी करून त्याची परीक्षा घेतली गेली आणि २०२० मध्ये निष्कर्ष आला: सहा महिन्यांत पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण सेवा मिळालेल्या गटात ६२.३ टक्के आणि न मिळालेल्या गटात ६१.७ टक्के. दोन्ही गटांत रुग्णालयाचा वापर आधीपेक्षा उतरला होता. तुलनेचा गट नसता तर त्या उताराचे सगळे श्रेय उपक्रमाने घेतले असते.

सुदैवाने दम्याच्या गृहभेटीपुरता अधिक भक्कम पुरावा आहे. अमेरिकेतील सात शहरांत ५ ते ११ वर्षे वयाच्या ९३७ मुलांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित अभ्यासात, घरातील बाधक घटक कमी करण्यासाठी मदत मिळालेल्या मुलांना लक्षणांचे दिवस निश्चितपणे कमी आले, आणि भेटी संपल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षीही हा फरक टिकला. फरक बॉस्टनच्या टक्केवारीसारखा डोळे दिपवणारा नव्हता. पहिल्या वर्षी दर पंधरवड्याला लक्षणांचा जवळजवळ एक दिवस कमी, एवढाच. मला हाच आकडा अधिक विश्वासार्ह वाटतो, आणि तो लहानही नाही: वर्षभराची बेरीज केल्यास मुलाच्या वाट्याला साधारण तीन आठवडे निवांत श्वासाचे येतात. अमेरिकेतीलच सिएटल शहर आणि किंग काउंटी (जिल्हा) यांच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने केलेल्या दुसऱ्या नियंत्रित अभ्यासात सात भेटी आणि सर्व साहित्य मिळालेल्या कुटुंबांची तुलना एकच भेट आणि मोजके साहित्य मिळालेल्या कुटुंबांशी केली गेली. तातडीने दवाखाना गाठण्याची वेळ पहिल्या गटात अधिक कमी झाली. 'एक भेट आणि एक माहितीपत्रक' अशा स्वरूपाची स्वस्त आवृत्ती कुणी पुढे केली, तर हा अभ्यास हाताशी ठेवावा. अमेरिकेतील प्रतिबंधक सेवांविषयी शिफारसी करणाऱ्या स्वतंत्र तज्ज्ञगटाने २००८ मध्ये मुलांसाठी अशा, अनेक घटकांवर एकाच वेळी काम करणाऱ्या गृहभेटींची शिफारस केली. फक्त गादीची खोळ किंवा फक्त हवा शुद्ध करणारे यंत्र देणाऱ्या योजनांना ही शिफारस लागू होत नाही, ही गोष्ट योजना आखणारे सोयीस्करपणे विसरतात.

कार्यकर्तीच्या निवडीविषयी थोडे सांगायला हवे. यशस्वी नमुन्यांत ती बहुधा त्याच वस्तीतली, तीच भाषा बोलणारी, कधीकधी स्वतः दमा असलेल्या मुलाची आई असते. घरात बाहेरचा माणूस येऊन गाद्या उचलून पाहतो, स्वयंपाकघरातले कोपरे तपासतो, ही गोष्ट कुणालाही अवघड वाटणारी आहे. वैद्यकीय पदवीपेक्षा तेथे न लाजवता विचारण्याची हातोटी उपयोगी पडते. पण याच कौशल्याची किंमत सर्वांत कमी लावली जाते. कार्यकर्ती अनेकदा ठरावीक मुदतीच्या अनुदानावर नेमलेली असते आणि अनुदान संपले की तिने जोडलेला विश्वासही तिच्याबरोबर जातो. सेवेचे परीक्षण करताना मी म्हणूनच सर्वप्रथम हे पाहीन की कार्यकर्ती कायम आस्थापनेवर आहे की प्रकल्पावर.

आता ओल आलेल्या भिंतीकडे. भाड्याच्या घरात छत गळत असेल, नळाखालचे लाकूड कुजले असेल किंवा शेजारच्या रिकाम्या खोलीतून झुरळे येत असतील, तर कुटुंबाने कितीही स्वच्छता ठेवली तरी उपयोग होत नाही. तक्रार करावी तर घरमालक भाडेकरार पुढे वाढवणार नाही ही भीती असते, आणि ती अवाजवी नसते. या ठिकाणी रुग्णालय आणि आरोग्य विभाग या दोघांच्या जोडीला तिसरा भागीदार लागतो, तो म्हणजे कायदेविषयक मदत. ओहायो राज्यातील सिनसिनाटी येथे बालरुग्णालयाच्या दवाखान्यातच विधिसाहाय्य संस्थेचे वकील उपलब्ध करून दिले गेले. डॉक्टरांनी पाठवलेली प्रकरणे पाहताना वकिलांच्या लक्षात आले की अनेक मुले वेगवेगळ्या इमारतींत राहत असली तरी मालक एकच आहे. मग एकेका खोलीसाठी स्वतंत्र झगडा करण्याऐवजी भाडेकरूंना संघटित करून मोठ्या दुरुस्त्या करवून घेता आल्या. बार्सिलोनाप्रमाणे येथेही निदान यादीत दडलेले होते, आणि ती यादी अशा कुणाच्या तरी हाती पडली ज्याला पुढे काय करायचे ते ठाऊक होते.

यातूनच या सेवेतला सर्वांत नाजूक प्रश्न निर्माण होतो: कुणाची माहिती कुणाला द्यायची. गृहभेटीला दिलेली संमती म्हणजे घरमालकाविरुद्ध तक्रार करण्याची संमती नव्हे. पहिल्या भेटीच्या अर्जावर एकच सही घेऊन दोन्ही गोष्टी उरकणारी सेवा मी बाद ठरवीन, कारण एका कुटुंबाला घर सोडावे लागले की त्या इमारतीतील इतर दारे कार्यकर्तीसाठी बंद होतात. याउलट वस्तीचे एकूण चित्र पाहण्यासाठी आरोग्य विभागाला मुलांची नावे लागतच नाहीत. कोणत्या इमारतीतून वा गल्लीतून किती मुले दाखल झाली एवढे पुरते. नावासकट माहिती फक्त त्या मुलाची काळजी घेणाऱ्यांकडे आणि नाव वगळून नकाशा आरोग्य विभागाकडे, अशी विभागणी सरळ आहे. तरीही गोपनीयतेचे कारण पुढे करून रुग्णालये नकाशाही देत नाहीत, असे घडू शकते, आणि हा बहाणा आहे की खरी अडचण, हे आधी विचारून घ्यावे.

माहितीचा परतीचा प्रवास तर त्याहून दुर्लक्षित आहे. कार्यकर्तीने घरी पाहिले की मूल रोजचे औषध घेतच नाही; ही नोंद डॉक्टरपर्यंत पोचली नाही, तर पुढच्या भेटीत औषध लागू पडत नाही असे समजून डॉक्टर मात्रा वाढवतात. संयुक्त म्हणवणाऱ्या सेवेत घरचा अहवाल मुलाच्या केसपेपरमध्ये, डॉक्टरांना दिसेल अशा जागी, पुढच्या तपासणीपूर्वी नोंदवला जातो का, हा माझ्या मते सर्वांत निर्णायक प्रश्न आहे. बैठका, सामंजस्य करार आणि संयुक्त समित्या यांचे कागद किती जाड आहेत यावरून भागीदारीची खोली कळत नाही.

शाळेचा उल्लेख थोडक्यात. न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर येथे ५३० मुलांच्या अभ्यासात रोजचे प्रतिबंधक औषध शाळेतील परिचारिकेच्या देखरेखीखाली दिले गेले आणि त्या मुलांना लक्षणांविना जाणारे दिवस अधिक मिळाले. घरात औषध विसरले जाते एवढीच अडचण असेल, तर गाद्या तपासण्यापेक्षा हा मार्ग सोपा आणि कमी खर्चाचा आहे. उत्तर गोलार्धातील अनेक देशांत उन्हाळी सुट्टीनंतर शाळा उघडल्या की सप्टेंबरात सर्दीच्या विषाणूंबरोबर दम्याचे झटकेही वाढतात. आरोग्य विभागाला हे वेळापत्रक ठाऊक असते, तेव्हा ऑगस्टमध्येच डॉक्टरांनी औषधांची उजळणी करून घ्यावी, एवढी सूचना वेळेवर पोचली तरी पुष्कळ साधेल.

पैशांचा विषय या सेवेची सर्वांत कमकुवत कडी आहे. बॉस्टनच्या उपक्रमाने एका डॉलरच्या खर्चामागे १.४६ डॉलरचा परतावा दाखवला. तज्ज्ञगटाच्या आर्थिक आढाव्यात हेच प्रमाण ५.३ ते १४ डॉलर असे नोंदले आहे. एवढी तफावत का, तर प्रत्येक अभ्यासाने काय मोजले यावर ते अवलंबून असते: फक्त रुग्णालयाचा वाचलेला खर्च, की पालकांचे बुडालेले कामाचे दिवस आणि मुलाची शाळाही. आकडा कोणताही धरला तरी एक पेच उरतो. खर्च एकाचा होतो आणि बचत दुसऱ्याची होते. ज्या रुग्णालयाला प्रत्येक दाखल रुग्णामागे पैसे मिळतात, त्याने यशस्वी गृहभेट सेवा चालवली तर त्याचेच उत्पन्न घटते. वाचलेला पैसा विमा देणाऱ्याकडे किंवा सरकारी तिजोरीत राहतो. आरोग्य विभागाचे अंदाजपत्रक तर बहुतेक ठिकाणी आधीच तोकडे असते. म्हणून अनुदानावर जगणाऱ्या सेवेचे पहिल्या तीन वर्षांचे निकाल कितीही चांगले असले तरी ज्याची बचत होते तो खर्चात वाटा उचलतो का, हे पाहिल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये. एका मुलामागे ठरावीक रक्कम देऊन वर्षभराच्या काळजीची जबाबदारी सोपवणारी पद्धत असेल, तर हा पेच बराच सुटतो.

गृहभेटीच्या मर्यादाही मान्य करायला हव्यात, कारण काही कारणे घराच्या आवाक्यात येतच नाहीत. स्कॉटलंडमध्ये २६ मार्च २००६ पासून बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानाला बंदी आली. त्याआधी १५ वर्षांखालील मुलांचे दम्यासाठी दाखल होण्याचे प्रमाण वर्षाला सरासरी ५.२ टक्क्यांनी वाढत होते. बंदीनंतर ते वर्षाला १८.२ टक्क्यांनी घटू लागले. बाहेर बंदी आली की लोक घरी अधिक धूम्रपान करतील आणि मुलांना त्रास वाढेल, ही भीती खोटी ठरली. एकही कार्यकर्ती घरी न जाता एवढा परिणाम झाला. तरी कायद्यांच्या आणि निर्बंधांच्या यशकथाही त्याच काटेकोरपणे वाचाव्यात. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये वाहतूक मर्यादित केल्यावर, गरिबांसाठीच्या सरकारी विम्याच्या नोंदींत मुलांच्या दम्याच्या तातडीच्या घटना ४१.६ टक्क्यांनी घटल्याचे आधी जाहीर झाले होते. काही वर्षांनी अधिक व्यापक माहिती घेऊन फेरतपासणी झाली, तेव्हा श्वासाला बाधणाऱ्या ओझोन या प्रदूषक वायूची घट आसपासच्या मोठ्या प्रदेशातही झाली होती, म्हणजे ती केवळ शहरातल्या वाहतूक-निर्बंधांमुळे नव्हती, आणि आपत्कालीन भेटींवर तसा ठळक परिणाम दिसत नाही, असे आढळले.

आणि एखाद्या दिवशी तर कारण आकाशातून येते. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी ऑस्ट्रेलियातील मेलबर्नवर वादळ आले, गवताचे परागकण ओलाव्याने फुटून त्यांचे बारीक तुकडे हवेत पसरले आणि काही तासांत हजारो माणसांना श्वास लागला. दहा जणांचा मृत्यू झाला. त्रास झालेल्यांपैकी अनेकांना पूर्वी दमा असल्याचे निदानही झाले नव्हते, त्यांना फक्त परागज्वर, म्हणजे परागकणांच्या ॲलर्जीने होणारी शिंका-सर्दी, होता. म्हणजे दम्याच्या यादीवरून घरी जाणारी कोणतीही सेवा त्यांच्यापर्यंत पोचली नसती. त्यानंतर तेथील राज्याच्या आरोग्य यंत्रणेने हवामान खात्याच्या सोबतीने अशा वादळांचा पूर्वअंदाज देणारी व्यवस्था उभी केली, आणि रुग्णालयांना आगाऊ इशारा मिळू लागला. हा सहयोगाचाच निराळा अवतार आहे, आणि गृहभेटीच्या तुलनेत त्यात माणसांची दमछाक कमी आहे.

मग ही सेवा कुणी घ्यावी? ज्या मुलाला वर्षभरात दम्यासाठी दाखल व्हावे लागले आहे किंवा वारंवार आपत्कालीन विभाग गाठावा लागला आहे, त्याच्या पालकांनी ती मिळत असल्यास नि:संकोच घ्यावी; मात्र भेटी किती होणार, साहित्य मिळणार की नुसता सल्ला, घरचा अहवाल डॉक्टरांना कधी पोचणार आणि घरमालकाचा प्रश्न निघाल्यास पुढे कोण उभे राहणार, हे आधीच विचारून घ्यावे. सौम्य दमा असलेल्या आणि औषध नियमित घेणाऱ्या मुलासाठी ही यंत्रणा हलवण्याची गरज नाही. प्रौढांच्या बाबतीत २००८ च्या त्याच तज्ज्ञगटाला शिफारस करण्याइतका पुरावा आढळला नव्हता, त्यामुळे मुलांचे निकाल दाखवून प्रौढांसाठी हीच सेवा जशीच्या तशी विकणाऱ्यांपासून जपून राहावे. तरीही मुलासाठी घरी आलेल्या कार्यकर्तीने दमा असलेल्या आईचा किंवा आजोबांचा इन्हेलरही त्याच भेटीत पाहिला, तर त्यासाठी वेगळी योजना लागणार नाही. भेटीच्या अर्जात एक रकाना वाढवावा लागेल आणि तो भरून आलेला कागद त्यांच्या डॉक्टरांकडे पोचवणारे कुणीतरी नेमावे लागेल.